माळशिरस ते न्यूयॉर्क, व्हाया कारखाना

माळशिरसहून न्यूयॉर्क सरळ रेषेत सुमारे 12,750 किलोमीटर. विमान ताशी 900 किलोमीटरनं जातं असं धरलं तर भागाकार चौदा तासांच्या थोडा वर येतो. चढण्या-उतरण्याचा अर्धा तास मिळवला की पावणेपंधरा. हा हिशेब आता कुणाच्याही मोबाइलवर होतो, आणि आळीतलं कुणी परदेशी निघालं की कट्ट्यावर तो होतोच होतो. त्यात खोट काढायला जागा नाही. फक्त विमान माळशिरसमधून सुटतं, एवढं त्यात गृहीत धरलेलं असतं.

माळशिरसला विमानतळ व्हावा, यावर तसं एकमत आहे. ज्यांची जमीन त्यात जाणार नाही त्या सगळ्यांचं.

विमानाचं सोडा, आमच्याकडे रेल्वेचे रूळही नाहीत. लोणंदहून निघालेली रेल्वे फलटणपर्यंत आली, 2021 पासून फलटणहून पुण्याला गाडी सुटू लागली. फलटण ते पंढरपूर हा पुढचा तुकडा मात्र आजोबांच्या पिढीपासून सर्वेक्षणात आहे. सर्वेक्षणाचा वेग ताशी किती धरायचा, ते मोबाइल सांगत नाही. आकाशातली वाहतूक आम्ही पाहतो ती पाच वर्षांतून एकदा. आम्ही माढा लोकसभा मतदारसंघात येतो; निवडणूक लागली की दिवसाआड कुठल्या ना कुठल्या माळावर हेलिकॉप्टर उतरतं, धुरळा उडतो, पोरं पळत सुटतात. मतदान झालं की धुरळा बसतो. एरवी विमानं डोक्यावरून जातात, थांबत नाहीत. त्यांना 'विनंती थांबा' नसतो. आम्हाला त्याचं फार वाईट वाटत नाही, कारण विनंती थांबा असलेल्या रस्त्यावरच्या कित्येक गाड्याही तशाच जातात.

तेव्हा विमान गाठायचं म्हटलं की पहिला प्रश्न पडतो तो पूर्वेला जायचं की पश्चिमेला, हा.

पूर्वेला सोलापूर, रस्त्यानं सव्वाशेच्या आसपास किलोमीटर. जिल्ह्याचं ठिकाण, होटगी रोडवरचा हक्काचा विमानतळ. पण विमान उतरायच्या वाटेत सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याच्या सहवीजनिर्मिती प्रकल्पाची चिमणी उभी होती. चिमणी पाडा म्हणणाऱ्यांचा एक तट, चिमणीला हात लावाल तर खबरदार म्हणणाऱ्यांचा दुसरा. उपोषणं झाली, मोर्चे निघाले, कोर्टाच्या पायऱ्या झिजल्या. अखेर 15 जून 2023 ला चिमणी पाडली. एवढं उंच धूड खाली यायला काही सेकंद पुरले. त्यानंतर गोव्याची विमानसेवा सुरू झाली ती 9 जून 2025 ला. सोलापूरहून गोव्याला विमानानं किती वेळ लागतो असं कुणी विचारलं, तर तासाभराचं उत्तर पुस्तकी झालं. चिमणीपासून मोजा, म्हणजे दोन वर्षांना सहा दिवस कमी भरतात. त्याच वर्षी 15 ऑक्टोबरपासून मुंबईचंही विमान सुरू झालं.

सोलापूरजवळच बोरामणीला आणखी मोठा विमानतळ व्हायचा घाट होता. तिथं वनजमिनीचा आणि माळढोकाचा प्रश्न आला. म्हणजे एका विमानतळाला चिमणी नडली आणि दुसऱ्याला माळढोक. जगभर पक्षी विमानांना त्रास देतात ते विमान उडाल्यावर. आमच्या जिल्ह्यात ते काम आधीच उरकून घेतलेलं असतं.

(चिमणीच्या वादात माझी बाजू कुठली, हे मी सांगणार नाही. उसाच्या तालुक्यात राहतो. चिमणीतून धूर निघाला तर उसाचं बिल निघायची आशा असते. विमानातून नुसता धूर निघतो.)

सोलापूरचं असं असल्यामुळे अमेरिकेला निघालेला माळशिरसकर सवयीनं पश्चिमेचीच वाट धरतो. नातेपुते, फलटण, लोणंद, नीरा, जेजुरी, सासवड, दिवे घाट, हडपसर. ही नावं याच क्रमानं नाही, पण उलट्या क्रमानं अर्ध्या महाराष्ट्राला पाठ आहेत. माउलींची पालखी याच वाटेनं येते. सगळे वारकरी जिकडे तोंड करून चालतात, तिकडे पाठ करून आमचा पोरगा निघतो आणि म्हणतो, डॉलर कमवायला चाललोय. विठ्ठल कमरेवर हात ठेवून पाहत असतो. त्यानं बरेच पाहिलेत.

पालखीचा विषय निघालाच आहे तर वक्तशीरपणाचं बोलून घेऊ. आळंदी ते पंढरपूर अंतर अडीचशे किलोमीटरच्या आत-बाहेर, आणि दिवस सतरा-अठरा. नातेपुत्याचा मुक्काम हलला की पुरंदवड्याला गोल रिंगण, संध्याकाळी माळशिरस, दुसऱ्या दिवशी खुडूसचं रिंगण, रात्री वेळापूर. लाखो माणसं, शेकडो दिंड्या, बैल, घोडे, पाण्याचे टँकर, सामानाचे ट्रक, आणि तरीही छापलेल्या वेळापत्रकाप्रमाणे पालखी तळावर हजर. माळशिरसकरानं विमानतळावर उशिराची घोषणा ऐकली की त्याला राग येत नाही, नवल वाटतं. तीनशे माणसं, तीसुद्धा पट्ट्यानं बांधून बसवलेली, आणि यांना वेळ पाळता येत नाही?

पण विमानवाले दिसतात तितके भोळे नाहीत. तिकिटावर जो प्रवासाचा वेळ छापलेला असतो, तो हवेत उडण्याचा नसतोच. विमान आपल्या जागेवरून हललं तिथपासून पलीकडच्या जागेवर उभं राहीपर्यंतचा तो असतो. धावपट्टीच्या रांगेत रखडणं, उलटा वारा, उतरायला परवानगी मिळेपर्यंत वर घिरट्या घालणं, या सगळ्याची शिल्लक त्यात आधीच टाकलेली असते. म्हणून अर्धा तास उशिरा सुटलेलं विमानही वेळेवर टेकतं आणि कप्तान आतून स्वतःचं कौतुक करून घेतो. पालखीनं ही शिल्लक लोणंदला ठेवलेली आहे. तिथी घटली-वाढली की लोणंदचा मुक्काम कमीजास्त होतो, पण आषाढी एकादशी जागची हलत नाही. विमान कंपन्यांनी ही युक्ती आमच्याकडून उचलली असं मी म्हणत नाही. पण आमची जुनी आहे.

आता उलट्या वाटेकडे येऊ. माळशिरस ते मुंबई सरळ रेषेत अडीचशेच्या थोडं वर, म्हणजे न्यूयॉर्कच्या एकूण अंतराचा पन्नासावा हिस्सा. विमानाच्या वेगानं सतरा मिनिटं. रस्त्यानं तेच तीनशेच्या वर जातं आणि सात तास लागतात. दिवे घाट, हडपसर आणि द्रुतगती मार्गावरचा बोरघाट हे तिघेही त्या दिवशी खुशीत असले तर सात. रस्ता वाईट आहे असं कुणी समजू नये. 2021 च्या नोव्हेंबरात पालखी मार्गाच्या चौपदरीकरणाची कोनशिला बसली आणि आमच्या बाजूचा रस्ता आता असा झालाय की नवखा माणूस गाडीतून उतरून पाहतो. रस्त्याचा दोष नाही. रस्त्यावर ऊस असतो.

ऑक्टोबर सरता सरता कारखान्यांची धुराडी पेटतात. अकलूजजवळ यशवंतनगरचा सहकार महर्षी, सदाशिवनगरचा शंकर, श्रीपूरचा पांडुरंग, माळीनगरचा सासवड माळी. आमच्या तालुक्यात दुष्काळ पडतो तो पाण्याचा, कारखान्यांचा नाही. नेमकं त्याच सुमाराला, डिसेंबरात, परदेशातल्या पोरांना सुट्ट्या मिळतात आणि ती येतात-जातात. रस्त्यावर दर फर्लांगाला एक ट्रॅक्टर, त्यामागं दोन ट्रॉल्या, ट्रॉलीच्या दोन्ही बाजूंना हातभर बाहेर आलेली वाढी. मागचा दिवा उसाखाली गेलेला. पुढचे कर्णे मात्र शाबूत, त्यावर गाणं असं की अख्ख्या शिवारानं ठेका धरावा. वेग ताशी पंधरा. त्याला ओलांडायला बाजू घेतली की समोरून त्याचाच भाऊ रिकामा येत असतो, आणि रिकाम्याची भीती जास्त, कारण त्याला पुढची खेप गाठायची असते. आकाशात दोन विमानांमध्ये किती अंतर ठेवायचं याचे कडक नियम आहेत. सदाशिवनगरच्या चौकात हे अंतर दोन्ही ड्रायव्हरांच्या समजुतीवर सोडलेलं आहे.

जमीन आणि आकाश यांत एवढी तफावत का पडली, याचा विचार करताना 1948 सालाशी मी नेहमी थांबतो. त्या वर्षी 1 जूनला पुण्याहून अहमदनगरला पहिली एसटी सुटली. बरोब्बर आठवड्यानं, 8 जूनला, एअर इंडियाचं 'मलबार प्रिन्सेस' मुंबईहून लंडनला निघालं. वाटेत कैरो आणि जिनिव्हा असे दोन थांबे, म्हणजे एसटीच्या भाषेत निमआराम. दोघींनी आठवड्याच्या अंतरानं धंदा मांडला. पैकी माळशिरसला एकच पोचली, आणि म्हातारीकोतारी, शाळेतली पोरं, डबे, टपाल, सगळं गेली पंचाहत्तर वर्षं तिनंच वाहिलं. तेव्हा गाडी थांबली नाही म्हणून तिला नावं ठेवणाऱ्यांनी, मीही त्यात आलो, जरा बेतानं ठेवावीत.

हे सगळं मला आमच्या थोरल्या चुलत्यांना समजावून सांगावं लागलं. नातू न्यू जर्सीला निघालेला, आणि तात्यांना विमानाचा मार्ग समजून घ्यायचा होता. बसचा मार्ग विचारतात तसा.

"अमेरिका पच्चिमंला ना? म्हंजी म्हसवडच्या अंगाला."

म्हटलं, "तात्या, दिशा तीच. पण विमान आधी उत्तरेला जातं."

"कशापायी?"

शाळेतून पृथ्वीचा गोल आणवला. एक बोट माळशिरसवर, एक न्यूयॉर्कवर, मध्ये दोरा ताणून धरला. दोरा अरबी समुद्राकडे फिरकत नाही. तो उत्तरेला जरासा पश्चिमेकडे कलून निघतो. राजस्थान, पाकिस्तान, अफगाणिस्तान, पुढं कझाकस्तान, रशिया, नॉर्वे, आणि उत्तर ध्रुववृत्ताला शंभरेक किलोमीटर राहिले असताना वळून आइसलंड, ग्रीनलंडचं दक्षिण टोक, कॅनडा करत खाली उतरतो. भिंतीवरच्या सपाट नकाशात हा वेडावाकडा फेरा वाटतो, गोलावर तोच सगळ्यांत जवळचा. तात्यांनी दोरा दोनदा ताणून पाहिला. मग शांतपणे म्हणाले,

"आरं, मग हितनं इंदापूरवरनंच जायचं की. उगं फलटणला कशाला जाताय?"

खरं तर दोऱ्याप्रमाणे विमान जातंच असं नाही. 24 एप्रिल 2025 पासून पाकिस्ताननं भारतीय विमान कंपन्यांना आपलं आकाश बंद केलं. शेजाऱ्यानं बांधावरची वाट अडवावी तसं झालं: गाडी लांबून वळवून न्यायची, डिझेल जास्त, वेळ जास्त. दिल्लीहून अमेरिकेला जाणाऱ्या काही विमानांना तर व्हिएन्नाला थांबून इंधन भरावं लागलं. ही गोष्ट मात्र तात्यांना एका वाक्यात समजली. बांधाच्या भांडणात त्यांची हयात गेली आहे.

"मग तहशीलदाराकडं अर्ज करायचा. कलम पाच."

मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906. त्याच्या कलम 5 खाली तहसीलदार अडवलेली वाट मोकळी करून देऊ शकतो, आणि माळशिरस तालुक्यात जन्माला आलेल्या माणसाला हे कलम मुंज-बारशाच्या आधी कळतं. आकाशाला तहसीलदार नाही, हे सांगितल्यावर तात्यांना पहिल्यांदाच विमानप्रवास धोक्याचा वाटला.

खरा घोळ पुढंच झाला. मी म्हटलं, उन्हाळ्यात मुंबईहून रात्री दोनला सुटलेलं विमान सोळा तास उडालं, तर न्यूयॉर्कला सकाळी साडेआठला उतरतं. तात्यांनी बोटं मोजली. दोन ते साडेआठ, साडेसहा तास. म्हणजे माळशिरस ते मुंबईपेक्षा अर्धा तास कमीच. मी घड्याळांचा फरक सांगितला, की तिथलं घड्याळ आपल्यामागं साडेनऊ तास, थंडीत साडेदहा. त्यांनी मान डोलावली आणि विचारलं, येताना? येताना दुपारी बाराला निघालं तर साडेचौदा तासांनी इथं उतरतं, तेव्हा आपल्याकडे दुसऱ्या दिवशीचे दुपारचे बारा वाजलेले असतात.

"जाताना साडेसहा, येताना चोवीस. म्हंजी येताना चढ हाय."

म्हटलं, उलट आहे. येताना खरे तास कमी लागतात. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो, विमान त्यावर स्वार होतं. 2020 च्या फेब्रुवारीत ब्रिटिश एअरवेजचं एक विमान वादळी वाऱ्याच्या पाठबळानं न्यूयॉर्कहून लंडनला चार तास छप्पन्न मिनिटांत पोचलं होतं. एरवी साडेसहा-सात तास लागतात.

"मग उतार हाय. आधी एक काय ते ठरीव, मग मला सांग."

हवाई शास्त्राचा याहून सोपा सारांश मी अजून वाचलेला नाही, म्हणून वाद घातला नाही.

पण अंतर आणि वेळ यांच्याहून मोठा प्रश्न असतो वजनाचा. अमेरिकेच्या तिकिटावर बहुधा तेवीस-तेवीस किलोच्या दोन बॅगा चालतात. शेंगाची चटणी, कडक भाकरी, गोडा मसाला, कुरडया, हळद, लोणचं, आणि उरलेल्या जागेत मुलाचे कपडे, असं भरण होतं. मग बॅग आडत दुकानाच्या काट्यावर जाते. तिथं तेवीस भरते. मग किराणा दुकानाच्या काट्यावर, तिथं साडेबावीस. मग अर्धा किलो चटणी वाढते. घरी येऊन पुन्हा शंका येते, कारण विमानतळावरचा काटा कसा असेल याची शाश्वती नाही. हा संशय कुणाला हास्यास्पद वाटेल, पण उसाची खेप घातल्यापासून पावती हातात पडेपर्यंत ज्याचा जीव टांगणीला लागलेला असतो, काटामारीच्या गोष्टी ऐकत जो लहानाचा मोठा झाला, तो माणूस दुसऱ्याच्या काट्यावर विश्वास ठेवील कसा? म्हणून घरून निघतानाच बॅग एकवीस किलोची करतात आणि काढलेली दोन किलो चटणी वेगळ्या पिशवीत सोबत घेतात. काट्यानं परवानगी दिली की विमानतळाच्या दारात, फरशीवर बसून, बॅग उघडून ती परत भरतात. मुंबईच्या विमानतळावर डिसेंबरात शेंगदाण्याचा वास आला तर समजावं, आमच्याकडचं कुणीतरी रांगेत आहे.

जाणारा एक, सोडायला जाणारे बारा. यात आई-वडील, मावशी, एक मोबाइलवाला मावसभाऊ, आणि एक असा माणूस ज्याला ठाण्यात काम आहे. या मंडळींमुळे प्रवासाला जे तास लागतात ते कुठल्याच नकाशात नाहीत. नातेपुत्याला गाडीत हवा भरायची असते. फलटणला पाहुणे असतात. माळशिरसच्या प्रत्येक घराला फलटणला पाहुणे असतात, आणि त्यांनी वाटेवर येऊन चहा केलेला असतो. चहा म्हणजे जेवण. लोणंदला फाटक लागतं किंवा लागलं असं वाटतं. जेजुरीला गड समोर दिसत असताना वर न जाता जायचं कसं, यावर गाडीत मतदान होतं. भंडारा कपाळाला लावून पोरगा खाली येतो तेव्हा मोबाइल त्याला सांगत असतो, उड्डाणाला सात तास उरलेत, विमानतळ चार तासांवर. मग सासवडला ऊस रसाची गुऱ्हाळं. ज्या माणसानं सकाळपासून ऊसच पाहिलेला आहे, त्याला तिथं रस का प्यावासा वाटतो, हे मला आजवर उमगलेलं नाही.

जगातलं सगळ्यांत लांब पल्ल्याचं विमान सिंगापूरहून न्यूयॉर्कला जातं. पंधरा हजारांवर किलोमीटर, साधारण साडेअठरा तास, मध्ये थांबा नाही. त्या वैमानिकांबद्दल मला आदर आहे. पण त्यांच्या मागच्या सीटवर मावशी नसते.

आणि म्हणून, अंतर किती आणि विमानाला वेळ किती, असं विचारणाऱ्या प्रत्येकाला मी एवढंच सांगतो. मुंबईपासून पुढचं सगळं तिकिटावर छापलेलं असतं, तिथं तुमच्या हातात काही नाही आणि काळजीचंही कारण नाही. काळजी अलीकडची करा. गळिताचा हंगाम असेल आणि विमान मध्यरात्रीनंतरचं असेल, तर सकाळची न्याहरी झाली की निघा. सोडायला एकच गाडी न्या. जेजुरी येताना करा, खंडोबा समजून घेईल. आणि तुमच्या जाण्याची तारीख फलटणच्या पाहुण्यांना कळू देऊ नका. न्यूयॉर्कला उतरल्यावर फोन करा.